ब्रेकचे तेल, तेल नव्हे

आमच्या घरी एक जीप आहे. अब्बांची. महिंद्राची सी.जे. थ्री बी, जुन्या उंच बोनेटची. वर ताडपत्री, बाजूला दारे नाहीत, आणि वेगात निघाली की डोक्यावरची टोपी हाताने धरावी लागते. आमची थोरली हिला ‘आपली स्पोर्ट्स कार’ म्हणते. आम्ही हसतो, पण मनातून ते आम्हाला आवडते.

तेंदूच्या हंगामात अब्बा याच जीपने फळीवर जात. सिरोंचाहून आलापल्लीच्या रस्त्याने, मग आत जंगलात. आता अब्बा नाहीत, तेंदूचे कामही राहिले नाही. आम्ही शाळेत शिकवतो. जीप मात्र आम्ही विकली नाही. बाजाराला, नात्यातल्या लग्नांना आणि प्राणहितेचा पूल ओलांडून मंचेरियालच्या दवाखान्याला जायला ती अजून उपयोगी पडते. सिरोंचात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. इथल्या माणसाला मोठा डॉक्टर गाठायचा तर गडचिरोलीपेक्षा नदीपलीकडचा तेलंगणा जवळ पडतो.

गेल्या उन्हाळ्यात अम्मींच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले. सोमवारची तारीख मिळाली. शनिवारी संध्याकाळी आम्ही डिझेल भरायला निघालो, थोरली शेजारी बसली होती. नदीकडच्या उतारावर समोर बकऱ्या आल्या. आम्ही ब्रेक दाबला आणि पाय खाली गेलाच. रोज अर्ध्यावर घट्ट लागणारे पेडल ओल्या उशीवर पाय ठेवावा तसे दबले. जीप थांबेना. पाय उचलून दुसऱ्यांदा मारला, तिसऱ्यांदा मारला. गिअर खाली घेतला, हँडब्रेक ओढला. जीप थांबली. शेवटची बकरी हातभर अंतरावर होती.

थोरलीने विचारले, “अब्बू, तुम्ही घाबरलात?”

आम्ही म्हणालो, “नाही.” ते खरे नव्हते.

दोनदा मारले की लागते

चार जणांनी ढकलून जीप घरी आणली. शेजारच्या चाचांनी पेडल दाबून पाहिले आणि म्हणाले, “मास्टरसाब, दोनदा मारले की लागतो ना? मग चालवा. जुन्या गाडीचे असेच असते.”

वाचकहो, खरे सांगतो, हे ऐकून आम्हाला बरे वाटले. माणसाला जे ऐकायचे असते ते कुणीतरी बोलले की बरे वाटतेच. पण रात्री झोप लागली नाही. सोमवारी त्या जीपमध्ये अम्मी बसणार होत्या, परतताना डोळ्याला पट्टी असणार होती. आणि समोर बकरी आली, पोर आले, ट्रक आला, तर तो आमच्या ‘दोनदा’साठी थांबणार नव्हता.

आमचे उस्ताद मिस्त्री त्या दिवशी लग्नासाठी अंकिशाला गेले होते. म्हणून रविवारी आम्ही स्वतःच कामाला लागलो. आम्हाला एवढे माहीत होते की पेडल मऊ म्हणजे पाइपात हवा. मग हवा काढायची.

हवेने पेडल का मऊ होते हे आम्ही थोरलीला दोन सिरिंज आणि सलाइनच्या नळीने दाखवले. तुम्हीही मुलांना घरी दाखवा. सुया काढून टाका. दोन्ही सिरिंजा पाण्याने भरून नळीने जोडा. एक दांडा दाबला की दुसरा लगेच बाहेर येतो. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून जोर जसाच्या तसा पलीकडे पोचतो. आता नळीत बोटभर हवा राहू द्या. दांडा दाबला की आधी हवा दबते, आणि पलीकडचा दांडा उशिरा आणि अर्धवट हलतो. बंद द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो हा नियम सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लेज पास्कलने मांडला. ब्रेक त्यावरच चालतो. पायाखाली मास्टर सिलिंडर, तिथून चार चाकांकडे बारीक पाइप, प्रत्येक चाकात छोटा सिलिंडर. तो ब्रेकचे शू दोन्ही बाजूंना ढकलतो, शू ड्रमला घासतात आणि चाक थांबते.

थोरली ड्रायव्हरच्या जागी बसली, आम्ही चाकाशी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून मागचे डावे, मग मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचे. “दाब.” ती दाबून धरते. आम्ही निपल सैल करतो, ऑइल येते, बुडबुडे येतात. निपल घट्ट. “सोड.” हा क्रम चुकवायचा नाही. निपल उघडे असताना पाय सोडला की हवा उलटी आत जाते.

मागच्या डाव्या चाकातून भरपूर बुडबुडे निघाले. दुपारपर्यंत चारही चाके झाली. पेडल वर आले. आम्ही खूश, थोरली आमच्यापेक्षा खूश. अम्मींना सांगून टाकले, “उद्या आपल्याच गाडीने जायचे.”

सोमवारी फजरनंतर सहज जाऊन पेडल दाबले. पाय पुन्हा उशीत गेला.

अम्मी तयार होऊन ओट्यावर बसल्या होत्या, हातात कागदांची पिशवी. दवाखान्याची वेळ चुकली तर पुढची तारीख कधी मिळेल ते माहीत नव्हते. तेव्हाही मनात आले की सावकाश नेऊ, रस्ता ओळखीचा आहे. थोरली जवळ येऊन हळूच म्हणाली, “अब्बू, कालची हवा तर आपण काढली होती. मग ही कुठून आली?”

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ज्या बिघाडाचे कारण आपल्याला कळलेले नाही, तो दुरुस्त झाला असे म्हणता येत नाही. आम्ही भाड्याची गाडी बोलावली. पैसे लागले. ऑपरेशन वेळेवर झाले, अल्हमदुलिल्लाह.

उस्तादांचे प्रश्न

मंगळवारी उस्ताद आले. त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारले, “मास्टरसाब, मऊ म्हणजे कसे मऊ?”

आम्हाला हसू आले. मूल “गणित येत नाही” म्हणते तेव्हा आम्हीही हेच विचारतो, नेमके काय येत नाही? बेरीज, हातचा की प्रश्न वाचणे? दोष न शोधता शिकवणी लावणारा मास्तर आणि दोष न शोधता हवा काढणारा गाडीवाला सारखेच. उस्तादांनी जे समजावले ते आमच्या शब्दांत असे :

पहिला प्रकार. पेडल खूप खाली जाते, पण तळाशी घट्ट लागते, आणि भराभर दोनदा मारले की वर घट्ट लागते. हे बहुधा शू झिजून ड्रमपासून लांब गेल्याचे लक्षण. शूची जुळणी करायची. ड्रम ब्रेक असलेल्या जुन्या गाड्यांत, म्हणजे जीप, पद्मिनी, अॅम्बेसेडर यांत, हे काम ठरावीक काळाने करावेच लागते.

दुसरा. पेडल स्प्रिंगसारखे वाटते, पाय दाबला की उसळते, मारत राहिले की थोडे वर येते. ही हवा. किंवा जुना रबरी होज दाबाने फुगत असेल.

तिसरा. पेडल आधी लागते, पण पाय तसाच दाबून ठेवला तर हळूहळू खाली सरकत जाते. म्हणजे कुठेतरी गळती आहे. ऑइल बाहेर दिसले तर पाइपात किंवा चाकात. बाहेर काहीच दिसले नाही तर मास्टर सिलिंडरच्या आत रबरी कपाच्या कडेने ऑइल मागे पळते आहे. (आजच्या गाड्यांत इंजिन सुरू करताना पेडल किंचित खाली जाते. तो बूस्टरचा गुण आहे, दोष नव्हे.)

चौथा. थंड असताना सगळे ठीक, लांब उतारावर ब्रेक मारत आल्यावर मऊ. ब्रेक ऑइलने हवेतले पाणी शोषलेले असते, तापले की त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. डॉट 3 दर्जाचे ताजे ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेले मात्र 140 अंशांच्या आसपास उकळू शकते.

उस्तादांनी थोरलीला पेडल दाबून धरायला सांगितले आणि म्हणाले, “शंभरपर्यंत मोज.” साठपर्यंत पाय जमिनीला टेकला. चाके कोरडी, पाइप कोरडे, जीपखालची माती कोरडी. मग त्यांनी चारही चाकांचे शू ड्रमला घट्ट भिडवले. ते भिडल्यावर चाकाच्या सिलिंडरांना सरकायला जागाच उरत नाही, म्हणून दोष नुसत्या जुळणीचा असेल तर पेडल दगडासारखे व्हायला हवे. झाले नाही. शेवटी गोल तोंडाच्या चिमट्यांनी तिन्ही होज दाबून बंद केले. पुढे दोन, मागे एक. आता दाब चाकांकडे जाऊच शकत नव्हता. तरी पेडल सरकत होते. उस्ताद म्हणाले, “चाके सुटली. चोर घरातच आहे.” (हा प्रयोग होजला इजा करू शकतो. त्यांनी केला तो होज बदलायचेच होते म्हणून.)

या जीपमध्ये मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या खाली असतो. उस्तादांनी तो काढून खोलला. आतला रबरी कप पाहून आम्हाला रात्रभर भिजवलेला हरभरा आठवला. फुगलेला, मऊ, कड फाटलेली.

“ऑइल कुणी टाकले होते?” उस्तादांनी विचारले.

त्यांनी एका काचेच्या बाटलीत सिलिंडरमधले थोडे ऑइल घेतले, पाणी घातले आणि हलवले. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. इथे थोड्या वेळाने वर तेलाचा स्वच्छ थर आला.

थोरली आमच्याकडे पाहत होती. आम्ही बाटलीकडे.

चूक कुणाची

दोन महिन्यांपूर्वी टाकी थोडी खाली दिसली म्हणून आम्हीच ऑइल ओतले होते. पडवीतल्या फळीवर अब्बांच्या दोन सारख्या बाटल्या होत्या. दोन्हींवर त्यांच्या हातची उर्दू चिठ्ठी. एकीची चिठ्ठी किडीने खाल्लेली, फक्त ‘तेल’ एवढाच शब्द उरलेला. आम्ही उर्दू शिकवतो. मुलांना सांगतो, अर्धा शब्द वाचून अर्थ लावू नका. आणि स्वतः अर्धी चिठ्ठी वाचून बाटली उघडली. ते इंजिनचे तेल होते.

दोष थोडा भाषेचाही आहे. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो, दुकानदारही म्हणतो. पण ते खनिज तेल नव्हेच. ग्लायकॉल जातीच्या रसायनांपासून ते बनते आणि ब्रेकचे रबर त्याच्यासाठीच घडवलेले असते. इंजिनचे तेल, डिझेल, पेट्रोल, ग्रीस यांतले काहीही त्या रबराला लागले की ते फुगते, मऊ पडते, आकार सोडते.

मग मागचे सगळे जुळत गेले. महिनाभर जीप जड चालत होती. बाजारातून आलो की चाक हाताला गरम लागे. आम्ही म्हणायचो, ऊन आहे. खरे म्हणजे फुगलेला कप ऑइल परत यायचे बारीक छिद्र झाकत होता, म्हणून ब्रेक पूर्ण सुटत नव्हता. जीप आम्हाला महिनाभर सांगत होती. पुढे कपाची कड फाटली आणि पेडल मऊ झाले. रविवारी निघालेली हवाही चाकांतल्या फुगलेल्या रबरांमधूनच आत येत होती. आम्ही हवा काढली, ती परत आली.

उस्ताद रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “मास्टरसाब, नुसता हा कप बदलला तर आठ दिवसांत परत बोलवाल. ते तेल सगळीकडे फिरले आहे.” त्यामुळे मास्टर सिलिंडरचे किट, चारही चाकांची किटे, तिन्ही होज चंद्रपूरहून मागवले. लोखंडी पाइप स्पिरिटने धुऊन वाळवले. ड्रम उघडताना उस्तादांनी आतली धूळ फुंकू दिली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचे, आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. मग नवे, सीलबंद डबीतले ऑइल, आणि पुन्हा तोच क्रम. “दाब.” “सोड.” या वेळी पेडल पहिल्याच दाबात अर्ध्यावर थांबले. दुसऱ्या दिवशीही. आठव्या दिवशीही.

जुनी गाडी, एकच धागा

अशा गाड्या जपणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चारही चाकांना द्रवाचा ब्रेक पहिल्यांदा अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीने 1921 मध्ये विक्रीच्या गाडीत आणला. पुढची कित्येक वर्षे बहुतेक गाड्यांत त्याचा मार्ग एकच होता. एक मास्टर सिलिंडर, एकच कप, त्यावर चारही चाके. आमची जीप तशीच. जुन्या एमजीसारख्या स्पोर्ट्स कार तशाच. एक धागा तुटला की चारही चाके सुटतात. आजच्या गाड्यांत दोन वेगळे मार्ग असतात, एक गेला तरी दुसरा गाडी थांबवतो. म्हणून नव्या गाडीत जे लक्षण ‘दाखवून घ्या’ म्हणते, तेच लक्षण जुन्या गाडीत ‘थांबा’ म्हणते. त्या शनिवारी आम्हाला वाचवले ते हँडब्रेकने. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, मागे जाणाऱ्या शाफ्टवरच्या वेगळ्या ड्रमला धरतो, आणि त्याला ऑइल लागत नाही. तो नीट ठेवा.

अब्बा या जीपबद्दल एक गोष्ट नेहमी सांगत. ज्या कंपनीने ही बनवली ती 1945 मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झाली. महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद भागीदार होते. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानला गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. अब्बा गोष्ट संपवून बोनेटवर थाप मारत आणि म्हणत, “ही इथेच राहिली, आपल्यासारखी.”

आता घरोघरी करता येईल असे थोडे. तुमच्याकडे जीप नसेल, मारुती असेल, मुलाची मोटारसायकल असेल, तरी चालेल.

महिन्यातून एकदा, गाडी उभी असताना, पेडल दाबून शंभर मोजा. सरकले तर गाडी काढू नका. मोटारसायकलचा डिस्क ब्रेक असेल तर त्याचा दांडा असाच दाबून पाहा.

ब्रेक ऑइल कमी झाले तर नुसते भरू नका. ते इंजिन तेलासारखे जळत नाही. कमी झाले म्हणजे शू-पॅड झिजले किंवा कुठे गळते आहे. कारण शोधा.

ऑइल डबीवर किंवा टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचेच घ्या. उघडून महिनोन् महिने राहिलेली डबी वापरू नका, ती हवेतले पाणी पीत असते. दर दोन वर्षांनी सगळे ऑइल बदलून घ्या. अंगावर किंवा रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा, ते रंग खाते.

“दोनदा मारले की लागते” असे कुणी म्हणाले तर त्याला चहा पाजा, पण त्याचे ऐकू नका.

आणि ब्रेक उघडायचे काम जाणकाराकडूनच करून घ्या. आम्ही निपल उघडले, त्यातून फक्त खोटा धीर मिळाला.

थोरलीने पडवीतली फळी रिकामी केली. जुन्या बाटल्या उस्तादांकडे दिल्या. नव्या डब्यांवर तिने मोठ्या अक्षरांत उर्दूत आणि मराठीत पूर्ण नावे लिहिली आणि वर पारदर्शक पट्टी चिकटवली. एका डबीवर लिहिले आहे, ‘ब्रेकचे. हे तेल नाही.’

अम्मींची पट्टी निघाल्यावर पुढच्या तपासणीला आम्ही जीपने गेलो. प्राणहितेच्या पुलावर अम्मींनी गाडी थांबवायला सांगितली. आम्ही पेडल दाबले, जीप थांबली. अम्मींनी दोन्ही डोळ्यांनी पाणी पाहिले आणि म्हणाल्या, “बेटा, एवढे स्वच्छ तर तुझ्या अब्बांच्या वेळीही दिसत नव्हते.” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “चल आता. सावकाश चालव.”